गुलाबावरील कर्ज

आपल्याकडे शेतकरी कर्ज मागावयास गेला, म्हणजे प्रथम जमिनीचा उतारा पाहिला जातो. इथिओपियांत मात्र १९७५ पासून सर्व जमीन सरकारी मालकीची आहे. ती विकतां येत नाहीं. मग तेथील गुलाबाच्या मळ्यांस भांडवल मिळालें तरी कसें?

निर्यातीचा गुलाब उघड्या वाफ्यांत होत नाहीं. त्यास लोखंडी सांगाडा, वर प्लॅस्टिकचें आच्छादन, ठिबकनळ्या व शीतगृह हीं लागतात, आणि हा सारा खर्च पहिली कळी खुडण्यापूर्वींचा! म्हणून २००० नंतरच्या दशकांत तेथील सरकारी विकास बँकेनें असें धोरण ठेविलें, कीं भांडवलाचे शंभरांतील तीस वांटे मालकानें घालावे, सत्तर बँकेनें द्यावे, व तारण म्हणून मळाच धरावा.

आम्हांस हें धाडस वाटतें. धान्याचा भाव पडला तर तें कोठारांत ठेवितां येतें. गुलाब शीतगृहांतही थोडेच दिवस टिकतो. पुष्कळसा माल विमानानें हॉलंडांतील आल्समीरच्या लिलावांत जातो. तेथें बोली चढत नाहीं, उतरते. घड्याळासारख्या तबकडीवर भाव खालीं येत असतां जो प्रथम कळ दाबील, त्याचा माल. मळेवाला त्या वेळीं समुद्रापलीकडे!

आणि विमानच निघालें नाहीं तर? एप्रिल २०१० मध्यें आइसलंडांतील ज्वालामुखीच्या राखेमुळें युरोपचा विमानमार्ग कांहीं दिवस बंद पडला, तेव्हां शेजारच्या केनियांत गुलाब अक्षरशः फेकून द्यावे लागले. कर्ज असेल, तर व्याज त्या दिवसांचेंही भरावें लागतेंच.