झोपेत लघवी होणं हा पोराचा हट्ट नव्हे. पाणी तोडण्याआधी तपासणी करा

नाशिक : जूनमध्ये आश्रमशाळा सुरू झाल्या की सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण भागातली सहा-सात वर्षांची पोरं पहिल्यांदाच घराबाहेर राहायला जातात. त्यातल्या काहींचं अंथरूण रात्री ओलं होतं. पोरगं चादर लपवतं, बाकीची चिडवतात, आणि बाहेरच्या झडीत ती चादर दोन-दोन दिवस वाळत नाही. सणाला घरी आलेलं पोर शाळेत परत जायला नको म्हणत असेल तर त्यामागं हेही कारण असू शकतं. घरच्यांनी एकदा जवळ घेऊन विचारावं.

पाच वर्षांपर्यंत याला आजार म्हणतच नाहीत. पाचव्या वर्षी १०० पैकी साधारण १५ मुलांना हा त्रास असतो. पुढं तो आपोआप कमी होत जातो, मोठेपणी शंभरात एखाद्यालाच उरतो. रात्री मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक जास्त सुटतं, त्यामुळं झोपेत लघवी कमी तयार होते. काही मुलांमध्ये ही घडी उशिरा बसते. काहींची पिशवी कमी धरते, आणि ती भरली तरी झोप मोडत नाही. हे घराण्यातही चालतं. आईवडील दोघांनाही लहानपणी हा त्रास असेल तर चारातल्या तीन मुलांना तो होतो. पोराला रागावण्याआधी बापानं आपल्या आईला विचारून बघावं!

घरोघर पहिला उपाय होतो तो पाणी तोडण्याचा. इथंच धोका आहे. आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत. या आजारात मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून अशा मुलांचं अंथरूण जास्त ओलं होतं. आणि त्यांनाच पाणी कमी पडलं तर अंगात कळा सुरू होतात. म्हणजे शिक्षा म्हणून पाणी बंद केलं तर पोर थेट दवाखान्यात जाऊ शकतं. सिकलसेलची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते, ती आधी करून घ्यावी. इतर मुलांनीही दिवसभर भरपूर पाणी प्यावं, फक्त संध्याकाळनंतर कमी.

सहा महिने कोरडं झोपणारं मूल अचानक ओलं करू लागलं तर गोष्ट वेगळी. लघवीला जळजळ, जंत, बद्धकोष्ठता बघावी. पोट साफ नसलं की मळाचा दाब लघवीच्या पिशवीवर येतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. मनाचा ताणही असतो. आईबाप द्राक्ष छाटणीला दिंडोरी-निफाडकडं गेलेले आणि पोर मागं राहिलेलं, असंही असतं. मात्र तहान फार, लघवी वारंवार आणि वजन उतरतंय असं दिसलं तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासावी. लहान मुलांचा मधुमेह असा सुरू होतो आणि त्यात उशीर जिवावर बेततो.

काळे तीळ-गूळ द्यायला हरकत नाही, पण तो इलाज नव्हे. ओलावा लागताच वाजणारा गजर दोन-तीन महिने लावला तर बऱ्याच मुलांना गुण येतो. वसतिगृहात मात्र अख्खी खोली जागी होईल. डेस्मोप्रेसिनची गोळी डॉक्टरांनी लिहून दिली तरच द्यावी. ती घेतल्यावर सकाळपर्यंत पाणी फार तर घोटभर. जास्त प्यायलं तर रक्तातलं मीठ घटून झटके येऊ शकतात.

शाळेत झोपण्यापूर्वी सगळ्यांनाच लघवीला पाठवणं, संडासाच्या वाटेवर दिवा चालू ठेवणं, जादा चादर ठेवणं, एवढं अधीक्षकांच्या हातात आहे. अंधारात, पावसात एकट्यानं बाहेर जायच्या भीतीनं पोरं दाबून धरतात. शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला हा त्रास बाजूला घेऊन सांगता येतो.

मोठ्या माणसाला हे नव्यानं सुरू झालं तर लाजून बसू नये. साखर, पुरुषांत प्रोस्टेट, मणक्याचा दाब, झोपेत श्वास अडकणं, झोपेत येणारी फिट, नाहीतर रात्रीची दारू, यातलं काहीतरी निघतं. पायात बधिरपणा किंवा कंबरेला जोराची कळ सोबत असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दवाखाना गाठावा.