हातावर औषध, पोटात विष

३१ जानेवारी २०२१ हा पल्स पोलिओचा दिवस होता. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातील एका खेड्यात १२ बालकांना लशीऐवजी चुकून सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. त्यांना उलट्या होऊ लागल्या. रुग्णालयात वेळेवर नेल्यामुळे मुले बचावली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, टाळेबंदीत दारू मिळेना म्हणून वणी येथे काहींनी सॅनिटायझरच पिऊन पाहिले. त्यांपैकी ७ जण दगावले.

हाताला लावल्यावर जो द्रव रोगजंतूंना मारतो, तो पोटात गेल्यावर असा घात का करतो?

सॅनिटायझरमध्ये बहुधा इथिल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल असते. जंतूंचे बाह्य आवरण आणि आतील प्रथिने ते मोडून टाकते. पोटात गेल्यावर ते जठराच्या अस्तराचा दाह करते, म्हणून उलट्या होतात. तेथून ते झपाट्याने रक्तात आणि मग मेंदूत पोचते. झोक जातो, गुंगी येते. मात्रा जास्त असेल तर श्वासही मंदावतो.

आयसोप्रोपिल अल्कोहोलचे यकृतात ॲसिटोन बनते. नखांचा रंग काढण्याच्या द्रवाला जो वास येतो, तोच रोग्याच्या श्वासाला येतो. ॲसिटोनमुळेही गुंगी येते. म्हणून हा अंमल बराच वेळ टिकतो.

मिथिल अल्कोहोल तर याहून घातक. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते आणि दृष्टी जाते. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईतील मालवणी भागात या विषाने शंभराहून अधिक बळी घेतले. हे तिन्ही द्रव पाण्यासारखेच दिसतात. नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाहीत!

मग कातडीवर लावलेले अल्कोहोल का बाधत नाही? कारण ते थोडे असते आणि चटकन उडून जाते. परंतु ताप उतरावा म्हणून बंद खोलीत बाळाचे अंग स्पिरिटने पुसले, तर ते कातडीतून आणि वाफेच्या रूपाने श्वासातूनही आत जाते. बाळाचे वजन कमी असल्याने थोडेही विष त्याला भारी पडते.

तुम्ही धारूरला राहा की मुंबईला, एवढे लक्षात ठेवा: असा द्रव सरबताच्या बाटलीत कधीही भरू नये. कोणी प्यायलेच, तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. गुंगी असेल तर कुशीवर निजवा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि ती बाटलीही सोबत न्या. नेमके कोणते विष आहे हे कळले, तर डॉक्टरांना योग्य उपचार लवकर सुरू करता येतात.