रंगाआधी दम

जुनी मोटारसायकल, घरचं गॅरेज : भाग ७

टाकीचा तो मोतिया पांढरा रंग कुठे मिळेल, असं गेल्या भागानंतर बऱ्याच वाचकांनी विचारलं आहे. सांगेन, पण आत्ता नाही. इंजिन चॅसिसमधून उतरून बाकावर आलं आहे आणि पुढचे काही आठवडे तिथेच राहणार आहे. जुनी मोटारसायकल घरी उभी करणाऱ्यांची एक सवय असते. आधी टाकी रंगवून आणायची, मडगार्डं क्रोमला टाकायची, मग चकचकीत गाडीला किक मारायची. ती सुरू होते, आठ दिवस पळते आणि एका चढावर पिस्टन धरून बसते. मग रंगवलेल्या चॅसिसमधून इंजिन पुन्हा उतरवायचं आणि पाना निसटला की रंगाचा टवका काढायचा. म्हणून आज रंग नाही, आज फक्त हवा.

नव्याने वाचू लागलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. या मालेत आपण यामाहा डीटी-१ हाताशी धरली आहे. १९६७ च्या टोकियो मोटर शोमध्ये ती दाखवली गेली आणि १९६८ मध्ये अमेरिकेत विकायला आली. २४६ सीसी, एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, बोअर ७० आणि स्ट्रोक ६४ मिलिमीटर, ताकद जेमतेम साडेअठरा अश्वशक्ती. तोवर अमेरिकेतल्या वाळवंटात आणि जंगलवाटांवर जायचं तर एकतर हुस्कवार्ना, ग्रीव्ह्ज, बुल्टाकोसारखी शर्यतीची युरोपीय गाडी घ्यावी लागे, नाहीतर सायलेन्सर वर उचलून ‘स्क्रॅम्बलर’ म्हणून विकलेली रस्त्याचीच गाडी घ्यावी लागे. डीटी-१ ला दिवे होते, नंबरप्लेट होती आणि मातीत जायची तयारीही होती. सोमवारी ऑफिस, रविवारी डोंगर. ती तुफान खपली. म्हणूनच आज पन्नासहून जास्त वर्षांनीही तिथल्या गॅरेजांत आणि धान्याच्या कोठारांत ती सापडते, आणि तिचे सुटे भागही अजून मिळतात. घरच्या गॅरेजात शिकायला याहून सोयीचं इंजिन मला माहीत नाही.

पण मातीतल्या गाडीचं आयुष्य रस्त्यावरच्या गाडीसारखं नसतं. ती ओढ्यात बुडालेली असते, धूळ प्यालेली असते, आडवी पडून उलट्या बाजूने पेट्रोल सांडलेली असते. मालकाने एखाद्या वर्षी वैतागून ती कोपऱ्यात उभी केली आणि विसरला. उभ्या गाडीचं इंजिन पळत्या गाडीपेक्षा लवकर बिघडतं. बेअरिंगवर गंज चढतो आणि ऑइल सीलची रबरी ओठासारखी कड वाळून टणक होते. रंग उडालेला कोणालाही दिसतो. ही कड इंजिनाच्या पोटात असते, तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

टू-स्ट्रोकमध्ये ही कड इतकी महत्त्वाची का, हे नीट समजून घ्यायला हवं. फोर-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये फक्त ऑइल असतं. तिथला सील गळला तर जमिनीवर डाग पडेल, बायको किंवा आई बोलेल, इतकंच. टू-स्ट्रोकचा क्रँककेस मात्र लोहाराचा भाता असतो. पिस्टन वर गेला की खाली पोकळी होते आणि कार्ब्युरेटरमधून हवा-पेट्रोलचं मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन बाजूच्या वाटांनी सिलिंडरमध्ये चढतं. हे मिनिटाला हजारो वेळा. केस हवाबंद नसेल तर वर कितीही नवा पिस्टन, नवी रिंग, नवा कार्ब्युरेटर घाला, इंजिन कधीच सरळ चालणार नाही.

क्रँकशाफ्ट दोन्ही बाजूंनी केसबाहेर येतो, म्हणून सील दोन. दोघांच्या गळतीची लक्षणं मात्र अगदी वेगळी, आणि मेकॅनिकने ती ऐकून-बघून ओळखली पाहिजेत.

डीटी-१ मध्ये डाव्या बाजूला मॅग्नेटोचं फ्लायव्हील आहे. त्यामागचा सील गेला की इंजिन तिथून फुकटची कोरडी हवा ओढतं. मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि ज्वलन जास्त तापतं. आयडलिंग एका जागी ठरत नाही. थ्रॉटल सोडला तरी इंजिनाचा आवाज लगेच खाली येत नाही, वरच रेंगाळतो. बहुतेक जण अशा वेळी कार्ब्युरेटरच्या मागे लागतात, जेट बदलतात, स्क्रू फिरवत बसतात. थोडा फरक पडल्यासारखा वाटतो आणि खरा रोग आत तसाच राहतो. शेवटी पिस्टनला भोक पडतं किंवा तो सिलिंडरमध्ये धरतो.

उजवीकडे क्लच आणि प्रायमरी गिअर ऑइलमध्ये बुडालेले असतात. त्या बाजूचा सील गेला की इंजिन हवा नाही, गिअरबॉक्सचं ऑइल पितं. सायलेन्सरमधून पांढरट-निळा दाट धूर निघतो, प्लग काळा आणि ओला होतो, गिअर ऑइलची पातळी खाली जाते आणि बाहेर मात्र कुठेही गळती दिसत नाही. डीटी-१ ला यामाहाची ऑटोल्यूब यंत्रणा आहे. ऑइल वेगळ्या टाकीतून पंपाने येतं, पेट्रोलमध्ये मिसळावं लागत नाही. त्यामुळे धूर दिसला की सगळा दोष त्या बिचाऱ्या पंपावर जातो. त्याला हात लावण्याआधी गिअर ऑइल मोजा.

आपल्याकडच्या येझदीवाल्यांनी इथे बाजू उलटी धरावी. जावा घराण्याच्या इंजिनात क्लच डावीकडे आणि पॉइंट उजवीकडे असतात. शिवाय तिथे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, म्हणजे हवा गळून पेट्रोल कमी गेलं की वंगणही कमी जातं. म्हैसूरच्या आयडियल जावाचं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं, तेव्हा आज हातात येणारी कुठलीही टू-स्ट्रोक येझदी किमान तेवढी जुनी आहे. सील मूळचे असतील तर तपासायचीही गरज नाही, बदलाच.

आता तपासणी. इंजिन उघडण्याआधी एकदा आणि बांधल्यावर पुन्हा एकदा. आधी का, तर गळती कुठे आहे ते कळलं म्हणजे काय उघडायचं ते ठरतं.

यासाठी विकतचं किट मिळतं, पण घरात रक्तदाब मोजायचं काट्याचं जुनं यंत्र पडलं असेल तर निम्मं काम झालं. त्याचा रबरी फुगा, एकतर्फी झडप आणि डायल या तिन्ही गोष्टी आपल्याला हव्याच असतात. त्याची डायल ३०० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत जाते आणि ३०० म्हणजे जवळपास सहा पौंड. टू-स्ट्रोकचा क्रँककेस तपासायला नेमका तेवढाच दाब लागतो. टायरमध्ये आपण तीस पौंड भरतो, त्यामानाने हे किती कमी आहे बघा. पेट्रोल पंपावरचा कॉम्प्रेसर इथे चुकूनही लावू नका. दहा पौंडांच्या वर गेलात तर चांगला सीलसुद्धा जागेवरून उडेल.

कार्ब्युरेटर काढा आणि त्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवून वर अॅल्युमिनियमची जाड पट्टी बोल्टने आवळा. सायलेन्सर जिथे जोडतात त्या तोंडात विंगनट फिरवल्यावर फुगणारा रबरी बूच बसवा, प्लंबिंगच्या सामानाच्या दुकानात तो मिळतो. ऑटोल्यूबची नळी जिथे इंजिनात शिरते ती जागाही बंद करा, ही हमखास राहते. मग एक जुना स्पार्क प्लग घ्या, डोळ्यांना चष्मा लावून त्याचं चिनी मातीचं अंग फोडून काढा आणि उरलेल्या लोखंडी आट्यात नळी पक्की चिकटवा. तो प्लगच्या जागी आवळला की हवा भरायची सोय झाली. पिस्टन अगदी तळाला आणून ठेवा, म्हणजे सिलिंडर आणि क्रँककेस यांच्यातल्या वाटा उघड्या राहतात आणि दाब दोन्हीकडे सारखा पोहोचतो.

फुगा दाबत सहा पौंडांवर या आणि घड्याळ लावा. गॅरेजांतला जुना ठोकताळा असा, की सहा पौंड सहा मिनिटं टिकले पाहिजेत. मिनिटाला एका पौंडापेक्षा जास्त उतरत असेल तर गळती आहे. आधी स्वतःच्याच बुचांवर आणि नळीच्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावा, कारण निम्म्या वेळा गळती तिथेच असते. मग सिलिंडरच्या बुडाचं पॅकिंग, हेड, कार्ब्युरेटरच्या फ्लँजचा सांधा, केसचे दोन भाग मिळतात ती रेषा आणि फ्लायव्हील काढून डावा सील. बुडबुडे दिसतात, सायकलच्या पंक्चरसारखेच. उजवा सील झाकणामागे असतो, तिथे साबण पोहोचत नाही. त्यासाठी एक सुंदर युक्ती आहे. गिअरबॉक्सच्या ब्रीदरला एक पातळ नळी लावा आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या पेल्यात सोडा. ऑइल भरायचं झाकण घट्ट असू द्या. पेल्यात बुडबुडे आले की क्रँककेसची हवा गिअरबॉक्समध्ये शिरते आहे, म्हणजे उजवा सील गेला आहे किंवा मधली भिंत चिरली आहे.

ज्यांच्याकडे ब्रेक ब्लीड करायचा हातपंप आहे त्यांनी उलटी तपासणीही करावी, म्हणजे हवा ओढून घ्यावी. काही सील आतून दाब दिला की घट्ट बसतात आणि पोकळी झाली की सैल पडतात. चालत्या इंजिनात तर दोन्ही आळीपाळीने होतं.

सील काढायचे म्हणजे फ्लायव्हील काढणं आलं. त्याला पुलर लावा, आणि आधी पुलरचे आटे सरळ आहेत की उलटे ते पाहा. क्रँकच्या टोकावर हातोडी मारू नका. हे मी ठळक अक्षरांत छापायला सांगणार होतो. या इंजिनांचा क्रँक अखंड नसतो. दोन चकत्या आणि मधली पिन दाबून बसवलेली असते आणि एका घावाने चकत्या एकमेकींपासून किंचित फिरतात. लेथवर दोन सेंटरमध्ये धरून डायल गेज लावलं तर डोलणं ०.०३ मिलिमीटरच्या आत हवं. त्याहून जास्त डोलणारा क्रँक नवे सील आणि नवी बेअरिंग दोन्ही खाऊन टाकतो. हे काम घरी होत नाही. क्रँक फिट करणारा जुना, अनुभवी लेथवाला शोधा, आणि तो सापडला की त्याच्याशी भांडू नका.

जपानी इंजिनाच्या झाकणांचे स्टार स्क्रू दिसायला नेहमीसारखे असले तरी त्यांच्या खाचेचं माप वेगळ्या, जपानी पद्धतीचं असतं. साधा स्क्रूड्रायव्हर वर उचलला जातो आणि डोकं गोल होतं. त्या मापाचं टोक घ्या आणि हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. डोकं गोल झालेले स्क्रू ड्रिल करून काढण्यात अख्खा रविवार जातो.

काही इंजिनांत सील बाहेरूनच बदलता येतो, काहींत केस उघडल्याशिवाय गत्यंतर नसतं. केस उघडलाच तर मुख्य बेअरिंगही बदला, आणि घेताना त्यावर सी-३ लिहिलेलं आहे का पाहा. तापून फुगायला त्यात जास्त मोकळीक ठेवलेली असते. बेअरिंग ठोकून बसवू नका. केस शंभर-सव्वाशे अंशांपर्यंत तापवा, बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, मग ते जवळपास स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. केस आधी केरोसीन आणि साबणाने स्वच्छ धुवा, आणि स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये ठेवायचा मोह टाळा. वीस वर्षांपूर्वीच्या गिअर ऑइलचा वास केकला लागतो.

सीलची मापं त्याच्यावरच छापलेली असतात : आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. तो घेऊन बेअरिंगच्या दुकानात गेलं की बहुतेकदा जोड मिळतो, पण नुसत्या मापावर जाऊ नका. आपल्याकडे आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुनी रबरं त्यासाठी बनलेली नव्हती. थोडे पैसे जास्त देऊन व्हायटॉनचे सील मागा. बसवताना ओठाला ग्रीस लावा आणि शाफ्टवरच्या चावीच्या खाचेवर सेलोटेप गुंडाळा, नाहीतर नवा ओठ तिथेच फाटतो. जुन्या सीलने शाफ्टवर चर पाडली असेल तर नवा सील मिलिमीटरभर आत किंवा बाहेर बसवा, म्हणजे त्याला कोरी जागा मिळेल.

केस उघडण्याच्या या घोळात एक गोष्ट आधीच तपासा. पिस्टन काढल्यावर कनेक्टिंग रॉडचं वरचं टोक आडवं हलवून पाहा. थोडं हललंच पाहिजे, ते असतंच. पण हे हलणं दोन मिलिमीटरच्या पुढे गेलं असेल तर खालचं बेअरिंग संपलं आहे आणि क्रँक तसाही लेथवाल्याकडे जाणार आहे. रॉड वरखाली किंचितही वाजत असेल तर मापाचीसुद्धा गरज नाही.

काही संग्राहकांना हे सगळं पटत नाही. त्यांच्याकडच्या गाड्या प्रदर्शनात गालिच्यावर उभ्या असतात, खिळ्याखिळ्याला नवं प्लेटिंग, टायरला काळं पॉलिश, आणि क्रँककेसमध्ये १९७० चा सील. मातीसाठी बनलेल्या गाडीची ही अवस्था मला केविलवाणी वाटते. टाकीवरचा खळगा आणि घासलेला फुटरेस्ट तसाच ठेवला तरी माझी काही तक्रार नाही. सहा पौंड सहा मिनिटं न टिकणारी गाडी मात्र मी पूर्ण झालेली मानत नाही.

पुढच्या आठवड्यात सिलिंडर, बोअरिंग आणि ओव्हरसाइझ पिस्टन. तोवर एक विनंती : ऑनलाइन स्वस्त दिसला म्हणून पिस्टन मागवून ठेवू नका. आधीच्या मालकाने सिलिंडर किती वेळा बोअर करून घेतला आहे ते मोजल्याशिवाय कळत नाही, आणि परत पाठवायचं भाडं बऱ्याचदा पिस्टनच्या किमतीएवढं असतं.