संचायक घटमालेची पावसाळी साठवण

शिसे-अम्ल प्रकारची संचायक घटमाला (व्यवहारातील बॅटरी) काही आठवडे किंवा महिने वापराविना ठेवावी लागते, तेव्हा तिची क्षमता टिकविण्यासाठी विशेष काळजी घ्यावी लागते. यूरोपात हा प्रश्न मुख्यतः हिवाळ्यात उद्‌भवतो. प्रवासाची फिरती घरे (कॅरॅव्हॅन) त्या काळात बंद असतात. कोकण किनाऱ्यावर तो पावसाळ्यात येतो. केंद्र शासनाच्या आदेशानुसार २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीस १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा बंदीकाळ ठरविण्यात आला. मीरा-भाईंदर परिसरातील उत्तन, पाली, चौक येथील कोळी या काळात नौका किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवतात. इंजिन सुरू करणे, दिवे, बिनतारी संच व स्थाननिश्चितीचे उपकरण ही सर्व घटमालेवर चालत असल्याने नारळी पौर्णिमेच्या सुमारास खोल समुद्रात जाणाऱ्या खलाशांची सुरक्षितता काही अंशी तिच्यावर अवलंबून असते.

गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८५९ मध्ये शोधून काढलेल्या या घटाची मूळ रासायनिक विक्रिया आजही तीच आहे. विसर्जनात दोन्ही पट्टिकांवर शिशाचे सल्फेट तयार होते, सल्फ्यूरिक अम्ल खर्ची पडते व विद्युत् विच्छेद्य पातळ होते; भारणात याच्या उलट घडते [→ विद्युत् घट]. तारा जोडलेल्या नसल्या, तरी ही विक्रिया मंदपणे चालूच राहते. हे स्वयंविसर्जन होय. तापमान सुमारे १०° से. वाढले की त्याचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. म्हणूनच थंड देशांतील अनुभव येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. तेथील थंडी स्वयंविसर्जन रोखते. मात्र विसर्जित घटातील पातळ विच्छेद्य उणे १०° से.च्या आसपास गोठून घटाचे कवच फुटू शकते. पूर्ण भारित घटास असा धोका जवळपास नसतो, कारण त्यातील विच्छेद्य उणे ६०° से.पर्यंतही गोठत नाही. किनाऱ्यावर गोठण्याची भीती नाही. उष्मा आणि खारी दमट हवा हेच येथील शत्रू आहेत.

अर्धवट भारित अवस्थेत पडून राहिलेल्या घटातील सल्फेटाचे सूक्ष्म स्फटिक वाढून कठीण होतात व नंतरच्या भारणात पूर्णपणे विरघळत नाहीत. यास सल्फेटीकरण म्हणतात. अकाली निकामी होणाऱ्या पुष्कळशा घटमालांचे मूळ यात असते. तेव्हा घटमाला पूर्ण भारित करूनच ठेवणे, ही साठवणीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय. क्षमतेच्या एक-दशांश किंवा त्याहून कमी प्रवाहाने (१०० अँपिअर-तासांच्या घटमालेस १० अँपिअरपर्यंत) भारण करावे आणि तासातासाने घेतलेली विशिष्ट गुरुत्वाची तीन मापने सारखी आली, की ते पूर्ण झाले असे समजावे. २७° से.ला हे मान घटाच्या प्रकारानुसार साधारणतः १·२४ ते १·२८ असते. बंदिस्त घटमालेत हे मापन करता येत नाही. तिला काही तास विश्रांती देऊन विद्युत् दाब पाहावा : १२ व्होल्ट घटमालेत सुमारे १२·७ व्होल्ट ही पूर्ण भारित अवस्था, तर १२·४ व्होल्टच्या खाली दाब आल्यास पुनर्भारण आवश्यक असते.

पट्टिका उघड्या पडल्या असतील तर भारणापूर्वी त्या बुडतील एवढेच ऊर्ध्वपातित पाणी घालावे व उरलेले भारणानंतर. अम्ल घालू नये. विहिरीच्या पाण्यातील लोह व क्लोराइडे स्वयंविसर्जन वाढवितात. झाकणावरील ओलसर मिठाच्या थरातून दोन अग्रांमध्ये गळती होते, म्हणून बुचे घट्ट बसवून झाकण खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसावे, कोरडे करावे आणि अग्रांना पेट्रोलियम जेली लावावी. घटमाला नौकेतून काढून सावलीच्या, हवेशीर जागी ठेवणे उत्तम. भारणाच्या वेळी हायड्रोजन बाहेर पडतो. हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. सिमेंटच्या जमिनीवर ठेवल्यास घटमाला ‘उतरते’ हा समज लाकडी पेट्यांच्या काळातील असून प्लॅस्टिकच्या कवचास तो लागू नाही. फळीवर ठेवण्याने अर्थात नुकसानही नाही.

मीरा रोडच्या शांतीनगरसारख्या दाट वसाहतीत हाच प्रश्न उभ्या मोटारींचा व कुलूपबंद सदनिकांतील इन्व्हर्टरचा असतो. मोटारीतील घड्याळ, धोकासूचक इ. उपकरणे मिळून केवळ ३० मिलिअँपिअर प्रवाह घेत असली, तरी ६१ दिवसांत सुमारे ४४ अँपिअर-तास खर्च होतात, म्हणजे लहान मोटारीची जवळजवळ सर्व क्षमता. गावी जाताना ऋण अग्राची तार सोडून ठेवणे हा सोपा उपाय आहे. आठवड्यातून पाच मिनिटे इंजिन चालविण्याची शेजाऱ्यास केलेली विनंती मात्र फारशी उपयोगाची नाही. इंजिन सुरू करण्यात खर्ची पडलेली ऊर्जाही तेवढ्या वेळात नेहमी भरून निघत नाही.

साठवणीत अँटिमनीयुक्त पट्टिकांच्या घटमालेस महिन्यातून एकदा, कॅल्शियमयुक्त पट्टिकांच्या घटमालेस दोन-तीन महिन्यांनी पुनर्भारण पुरते. दाब आपोआप नियंत्रित करणारा भारक असल्यास १२ व्होल्ट घटमाला सुमारे १३·५ व्होल्टवर सतत जोडून ठेवता येते. साधा भारक मात्र असा ठेवू नये, कारण अतिभारणाने पाणी आटते व पट्टिका झिजतात. अलीकडे प्रचारात आलेल्या लिथियम घटमालांना वरील मुख्य नियम लागू होत नाही. त्या साधारण अर्ध्या भारित अवस्थेत ठेवणे हितावह असते.