कवच पाच लाखांचं, भूलतज्ज्ञ कुठाय?

आम्ही माणदेशातले. मोठं दुखणं आलं की सातारचं सिव्हिल, नाहीतर मिरज. चुलत्यांच्या हर्नियासाठी एका सरकारी दवाखान्यात केसपेपर घेऊन ताटकळलो. खाट होती, सर्जन होते, भूलतज्ज्ञ नव्हते. मिळाली ती पुढची तारीख.

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. सांगली-मिरजेची मोठी सरकारी रुग्णालयं मात्र वैद्यकीय शिक्षण खात्याची, म्हणून त्या निर्णयाबाहेर. कण्हणाऱ्या माणसानं आधी खातं विचारायचं का? महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं विमा कवचही दीड लाखावरून पाच लाखांवर गेलं. सत्ताधारी तेच सांगतात, विरोधक रिकाम्या जागा दाखवतात. (खुर्ची मिळाली की दोघांची भाषणं बदलतात, ते सोडा.) मला विरोधकांचं पटतं: विमा ऑपरेशनचं बिल भरतो, डॉक्टर नेमत नाही. डॉक्टर नेमायला बजेट लागतं. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं राज्यांना 2020 पर्यंत आपल्या बजेटच्या आठ टक्क्यांहून जास्त खर्च आरोग्यावर करायला सांगितलं होतं. महाराष्ट्र त्याच्या आसपासही पोचला नाही.

मत मागायला येणाऱ्याला एवढंच विचारा: आपल्या ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ कधी नेमताय?