पाहुणे होऊन डोहाकाठी



उन्हाळी सहलीचा विषय निघाला की तरुण संघात कोणीतरी वाळणकोंडाचे नाव काढतेच. साताऱ्याहून महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर असे करत महाड तालुक्यात गेले की काळ नदीच्या खडकाळ पात्रात हा खोल डोह लागतो. मी तेथे दोनदा तरुणांना घेऊन गेले. दोन्ही वेळा नियम एकच होता: पाण्यात उतरायचे नाही.

कारण हा डोह वरदायिनी देवीचा. त्यातले महासीर मासे तिचे, म्हणून येथे कोणी गळ वा जाळे टाकत नाही. लोक काठावरून चुरमुरे टाकतात आणि हातभर मासे वर येतात. पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात, आदिवासी मुलखात, वैतरणेकाठी तिळसे येथेही मासे असेच राखलेले आहेत.

“ही अंधश्रद्धाच ना?” असे मला मंडळीत विचारतात. मी म्हणते, आधी ही राखण काय करते ते पाहा. सह्याद्रीतल्या लहान नद्या उन्हाळ्यात आटतात आणि पाणी उरते ते अशा डोहांत. मोठे मासे तेथेच तग धरतात आणि पावसाळ्यात प्रवाहात पसरून अंडी घालतात. डोहात एकदा सुरुंग फुटला किंवा विष पडले की सारी नदी रिकामी होते. त्याची पहिली झळ लागते ती नदीवर पोट असलेल्या कातकरी बांधवांना. राखलेला डोह म्हणजे पेरणीसाठी बाजूला ठेवलेले बियाणे. शहाणा शेतकरी ते शिजवून खात नाही.

आपल्याकडे काय झाले? मार्च 2023 मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता. कृष्णेला आपण सारेच माई म्हणतो, पण राखण कोणी केली?

पौल अथेनैत गेला तेव्हा तेथील लोकांची पूजास्थाने त्याने आधी फिरून नीट पाहिली आणि मगच तो बोलला. आपण देवीला नमस्कार करणार नाही, पण यजमानांचा मान राखू शकतो. साबण, प्लास्टिक, स्पीकर नको. माशांना काही घालायचे तर तेथील लोकांना विचारून.

पुढची सहल ठरण्याआधी हे तरुण संघात वाचून दाखवावे, ही विनंती.