हलते आसन : विकतचे की घरी बांधलेले?

घरच्या संगणकावर मोटार शर्यतीचा खेळ खेळणाऱ्याला वेग दिसतो आणि ऐकू येतो, परंतु शरीराला तो जाणवत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी चालकाचे आसन, किंवा आसन, स्टिअरिंग आणि पेडल यांच्यासह संपूर्ण सांगाडाच विद्युत मोटरींच्या साहाय्याने हलवणारी जी जोडणी केली जाते, तिला मोशन यंत्रणा म्हणतात. ती तयार विकत घ्यावी की स्वतः बांधावी, हा प्रश्न जगभरचे हौशी लोक बहुधा खर्चाच्या अंगाने सोडवतात. यवतमाळसारख्या जिल्ह्यात मात्र त्याचे उत्तर किमतीपेक्षा, यंत्रणा बंद पडल्यावर ती उघडून दुरुस्त करणारा माणूस किती अंतरावर सापडतो, यावर अधिक अवलंबून आहे.

ही यंत्रणा मुळात काय साधते आणि काय साधू शकत नाही, हे आधी समजून घेणे आवश्यक आहे. माणसाच्या अंतःकर्णात दोन प्रकारची संवेदन-व्यवस्था असते : अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचे फिरणे ओळखतात, तर सूक्ष्म स्फटिकांचा भार पेलणारी इंद्रिये सरळ रेषेतील त्वरण आणि गुरुत्वाकर्षण यांची नोंद घेतात. या दुसऱ्या इंद्रियांना, शरीर मागे कलले आहे की पुढे ढकलले जात आहे, हा भेद स्वबळावर करता येत नाही, आणि सिम्युलेटरची सारी किमया या त्रुटीवर उभी आहे. पडद्यावरची गाडी ब्रेक लावते तेव्हा आसन पुढे कलते, चालकाचे वजन पट्ट्यांवर आणि पायांवर येते व मेंदू त्याला वेग मंदावल्याची खूण मानतो. मात्र हे कलणे सेकंदाला सुमारे तीन अंशांहून अधिक वेगाने झाले, तर ते कलणे म्हणूनच ओळखू येते आणि भास मोडतो. शिवाय दहा अंश कललेल्या आसनावर गुरुत्वाच्या केवळ सतरा टक्क्यांएवढे बल पुढच्या दिशेने लागते. साधी मोटारही कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावल्यास गुरुत्वाच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत मंदन देते, तर फॉर्म्युला वन गाडीत ते पाचपटीपर्यंत पोहोचते. म्हणजे घरातील कोणतीही यंत्रणा, ती कितीही महाग असो, खऱ्या बलाची चुणूकच दाखवते. जाहिरातींत ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते.

विकतचे आणि घरचे हा भेद या तंत्राच्या जन्माच्या वेळी अस्तित्वात नव्हता. अमेरिकेतील बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक याने १९२९ मध्ये वैमानिकांच्या शिक्षणासाठी जे हलते यंत्र तयार केले, ते वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यात, वाद्यातील भाते आणि हवेचे पंप वापरून घडवलेले होते. पुढे १९५०च्या दशकात डनलॉप कंपनीत एरिक गॉफ याने टायरच्या चाचणीसाठी लांबी कमी-जास्त होणाऱ्या सहा पायांवरचे यंत्र उभारले आणि १९६५ मध्ये डी. स्ट्युअर्ट याने विमान सिम्युलेटरसाठी सहा प्रकारे हलणाऱ्या मंचाचा आराखडा मांडला. वर-खाली, डावीकडे-उजवीकडे, पुढे-मागे सरकणे आणि तिन्ही अक्षांभोवती वळणे अशा सहाही हालचाली करणाऱ्या अशा मंचाला आज स्ट्युअर्ट प्लॅटफॉर्म म्हणतात. महाराष्ट्रातही हलत्या मंचावरचे सिम्युलेटर तयार होतात : मुंबईची टेक्नोट्रोव्ह ही कंपनी वाहनचालकांच्या आणि खाणीतील अवजड यंत्रे चालवणाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी ते बनवते. परंतु त्यांचे ग्राहक संस्था असतात; घरच्या खोलीसाठी जे तयार मिळते ते बहुतांशी परदेशी आहे.

तयार यंत्रणांचे साधारण दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात केवळ आसन हलते. ऑस्ट्रेलियाच्या नेक्स्ट लेव्हल रेसिंग या कंपनीचा मोशन प्लॅटफॉर्म या प्रकारचा आहे. त्याला जागा व वीज कमी लागते, पण पेडल स्थिर राहिल्यामुळे आसन कलताच पायांचे पेडलपासूनचे अंतर बदलते आणि ब्रेकचा दाब एकसारखा ठेवणाऱ्या चालकाला ते खटकते. दुसऱ्या वर्गात सांगाड्याच्या चार कोपऱ्यांखाली चार अ‍ॅक्च्युएटर, म्हणजे मोटरीच्या जोरावर लांबी वाढवणारे खांब, बसवून सर्वच भाग एकत्र उचलले जातात. चित्रपटगृहांतील हलत्या खुर्च्यांसाठी ओळखली जाणारी कॅनडाची डी-बॉक्स आणि पोलंडची क्युबिक सिस्टिम या कंपन्या या वर्गात येतात. किमती हजार-दीड हजार डॉलरपासून सुरू होऊन दहा हजारांच्या पलीकडे जातात आणि त्यांवर वाहतूक, आयात शुल्क व कर यांची भर पडते. या पैशाच्या बदल्यात खेळाशी जुळवून दिलेले सॉफ्टवेअर, शांत चाल, तपासलेली सुरक्षा आणि हमी मिळते. ही हमी यवतमाळात कितपत उपयोगी पडते, हा मात्र वेगळा प्रश्न आहे, कारण काही किलो वजनाचा बिघडलेला अ‍ॅक्च्युएटर परदेशी परत पाठवण्याचा खर्च आणि त्यात जाणारे महिने हमीपत्रात लिहिलेले नसतात.

स्वतः बांधण्याचे मार्गही दोन आहेत आणि त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. स्वस्त मार्ग वायपरच्या मोटरींचा. ट्रकच्या वायपरची मोटर २४ व्होल्टवर चालते आणि तिच्यात वर्म गिअर, म्हणजे मळसूत्री दातेचक्र, असल्यामुळे ती बाहेरून ढकलून उलटी फिरत नाही. वीज गेली तरी आसन आहे त्या स्थितीत थांबते. अशा दोन मोटरी, मधोमध टेकू म्हणून प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, मोटरीची स्थिती सांगणारा पोटेंशिओमीटर आणि अपेक्षित व प्रत्यक्ष स्थितीतील फरक मोजून मोटर फिरवणारा आर्डुइनो हा लहानसा नियंत्रक एवढ्या सामग्रीवर पुढे-मागे व बाजूला कलणारे आसन उभे राहते. खेळातील गाडीची गती, कल व धक्के यांची माहिती, जिला टेलिमेट्री म्हणतात, ती सिमहब, सिमटूल्स किंवा फ्लायपीटी मूव्हर यांसारखी सॉफ्टवेअर वाचतात आणि नियंत्रकाकडे पाठवतात. दोष असा की काचेवर संथपणे फिरण्यासाठी बनलेली ही मोटर सतत उलटसुलट धावल्यास तापते, दातेचक्रात ढिलाई येते आणि प्रत्येक धक्क्याबरोबर खडखडाट ऐकू येतो.

दुसरा मार्ग सर्व्हो मोटर आणि बॉल स्क्रू यांचा आहे. बॉल स्क्रू म्हणजे पोलादी गोळ्यांवरून सरकणारी नट असलेला आटेदार दांडा. एका फेऱ्यात पाच मिलिमीटर पुढे जाणारा दांडा मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या मोटरीला जोडल्यास सेकंदाला २५० मिलिमीटर वेग मिळतो, आणि शर्यतीच्या मार्गावरचे बारीक खाचखळगेसुद्धा त्यातून उमटतात. एसएफएक्स-१०० या नावाचा आराखडा याच तत्त्वावर खुला करण्यात आला आणि त्यावरून अनेक देशांतील हौशी लोकांनी आपापले अ‍ॅक्च्युएटर बांधले. दर्जाच्या बाबतीत तो विकतच्या मालाच्या जवळ जातो. पण खर्चही मग लाखांत मोजावा लागतो आणि ‘घरी बांधले म्हणून स्वस्त’ हे समीकरण बरेचसे फसवे ठरते.

यवतमाळ जिल्ह्याची परिस्थिती या निवडीला वेगळे वळण देते. शेतीपंपांमुळे तालुक्याच्या प्रत्येक गावी मोटर रिवाइंडिंगची दुकाने आहेत, ट्रॉली व अवजारे बनवणारे फॅब्रिकेशनवाले आहेत आणि वणी परिसरातील कोळसा वाहतुकीमुळे ट्रकचे सुटे भाग व ते उघडणारे मिस्त्री मुबलक आहेत. वायपरची मोटर, क्रॉस, बेअरिंग, लेथवर काढलेला दांडा, चौकोनी पाइपांचा सांगाडा, हे सर्व त्यांच्या रोजच्या कामातले आहे. सर्व्हो मोटर मात्र पंपाच्या मोटरीसारखी नव्हे : तिच्यात कायमचुंबक आणि फेऱ्यांची सूक्ष्म नोंद करणारा एन्कोडर असतो, त्यामुळे ती जळाल्यास गुंडाळी बदलून सहसा काम भागत नाही, बहुधा पूर्ण मोटरच बदलावी लागते.

विजेचा हिशेबही दुर्लक्षिण्याजोगा नाही. ७५० वॅटच्या चार मोटरी एकाच क्षणी पूर्ण जोर लावू लागल्या, तर ३,००० वॅट, म्हणजे २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर प्रवाह लागतो. प्रत्यक्षातील सरासरी वापर याहून पुष्कळ कमी असला, तरी घरातील ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर ही यंत्रणा चालवणे अयोग्य आहे, तिला १६ अँपिअरचे स्वतंत्र सर्किट आणि चांगले अर्थिंग लागते. अर्थिंग कच्चे असल्यास सर्व्हो ड्राइव्हमधील, म्हणजे सर्व्हो मोटर चालवणाऱ्या नियंत्रकातील, विद्युत गोंगाट संगणकाच्या केबलमध्ये शिरून स्टिअरिंगचा संपर्क ऐन शर्यतीत तुटतो. वीज अचानक गेली, तर उलट फिरू शकणाऱ्या बॉल स्क्रूवरचा सांगाडा चालकासह खाली बसतो. शिवाय बहुतेक ड्राइव्ह सभोवतालच्या ४० ते ४५ अंश तापमानापर्यंतच्या वापरासाठी बनलेले असतात, आणि विदर्भाच्या मे महिन्यात पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत ही मर्यादा दुपारीच ओलांडली जाते.

घरी बांधणाऱ्याने एका गोष्टीत काटकसर करू नये : हाताच्या टप्प्यात तांबडे आपत्कालीन बटन हवे, हालचालीच्या दोन्ही टोकांना लिमिट स्विच, म्हणजे मर्यादा गाठताच मोटर थांबवणारी कळ हवी आणि हलत्या दांड्यांभोवती आवरण हवे. माणसाचे वजन उचलणारी मोटर लहान मुलाची बोटे सहज चिरडू शकते. तयार यंत्रणेत ही काळजी कारखान्याने घेतलेली असते. ज्या घरात लहान मुले आहेत आणि बांधणाऱ्याला वायरिंगची सवय नाही, तेथे केवळ या कारणासाठी विकतची यंत्रणा घेणे शहाणपणाचे ठरते.

इतरांनी मोशन यंत्रणेकडे सर्वांत शेवटी वळावे. न लवणारा सांगाडा, चांगले ब्रेक पेडल आणि आसनाखाली बसवलेला बास शेकर, म्हणजे ध्वनीऐवजी कंपने देणारे स्पीकरसारखे उपकरण, यांतून टायर घसरल्याची व इंजिनाची जाणीव अत्यल्प खर्चात होते. त्यापुढे जायचे असल्यास जिल्ह्यातल्या वाचकाने सांगाडा गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून पुढे सर्व्हो बसवता येतील इतका भक्कम करून घ्यावा, त्यावर वायपरच्या दोन मोटरींचे आसन स्वतः बांधून वर्षभर चालवावे, आणि तेवढ्याने समाधान झाले नाही तर सुटे अ‍ॅक्च्युएटर तयार विकत घ्यावेत. संपूर्ण यंत्रणा एकदम परदेशातून मागवण्याचे कारण यवतमाळात फारच थोड्यांपाशी आहे.